गावसकर, मुसळधार पाऊस आणि पाचवी आडवी रेघ: आकड्यांच्या वर्गवारीच्या १४ भन्नाट गोष्टी

हजार आकडे कागदावर नुसते उतरवले तर डोळ्यांना फक्त गर्दी दिसते. त्याच आकड्यांचे आठ-दहा गट पाडा, प्रत्येक गटात किती आकडे पडले ते मोजा, आणि बघा, सामग्री बोलायला लागते. शाळेच्या पुस्तकात याला ‘वर्गीकृत वारंवारता वितरण सारणी’ म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी काम तीन पायऱ्यांचं: वर्ग ठरवा, ताळ्याच्या खुणा करा, बेरीज मांडा. खरी गंमत पहिल्या पायरीवर आहे. वर्ग कुठून सुरू करायचा आणि किती रुंद ठेवायचा, हे माणूस ठरवतो. त्या एका निर्णयाने कुठे शोध लागले, कुठे फसगत झाली, याच्या या चौदा गोष्टी.

१. गावसकर आणि तेंडुलकर, एकाच साच्यातले

क्रिकेटचा प्रत्येक चाहता वर्गवारी करतोच. ५० ते ९९ हा वर्ग म्हणजे अर्धशतक, १०० आणि पुढे हा वर्ग म्हणजे शतक. राहिला ० ते ४९. आता कसोटीतले डाव या तीन वर्गांत मांडू.

सुनील गावसकर, २१४ डाव: १३५, ४५, ३४.
सचिन तेंडुलकर, ३२९ डाव: २१०, ६८, ५१.

डावांची संख्या वेगळी असल्याने तुलना जमत नाही. म्हणून टक्के काढू, म्हणजेच सापेक्ष वारंवारता. गावसकर: ६३.१, २१.०, १५.९. तेंडुलकर: ६३.८, २०.७, १५.५. मुंबईच्या दोन पिढ्या, दोन वेगळ्या शैली, आणि वितरण मात्र जवळपास एकच! आता डॉन ब्रॅडमन, ८० डाव: ३८, १३, २९. म्हणजे शतकं अर्धशतकांच्या दुपटीहून जास्त. पन्नाशी गाठली की हा माणूस बहुतेक वेळा शंभरीपर्यंत जायचाच. ९९.९४ या प्रसिद्ध सरासरीतून जे कळत नाही, ते तीन वर्गांच्या सारणीतून लगेच कळतं.

२. पाचवी रेघ आडवी का?

चार उभ्या रेघा आणि त्यांच्यावरून आडवी मारलेली पाचवी तिरकी रेघ, ही ताळ्याची खूण आपण सवयीने काढतो. तिच्यामागे डोळ्यांची मर्यादा आहे. इंग्लिश अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी डब्यात घेवड्याचे दाणे टाकून, एका नजरेत किती दाणे अचूक ओळखता येतात, याचे एक हजाराहून अधिक प्रयोग केले आणि १८७१ साली ‘नेचर’मध्ये छापले. तीन आणि चार दाण्यांना एकदाही चूक झाली नाही. पाचपासून चुका सुरू झाल्या. पाचव्या रेघेने गठ्ठा बांधला की डोळ्यांना चारच्या पुढे मोजावं लागत नाही. गंमत म्हणजे जेव्हन्स यांनी हा निष्कर्षही वारंवारतेच्या सारणीतूनच काढला.

खुणांच्या तऱ्हा देशोदेशी वेगळ्या. चीन आणि जपानमध्ये पाच फटकाऱ्यांचं एक अक्षर टप्प्याटप्प्याने पूर्ण करतात. ब्राझीलमध्ये चौकोनाच्या चार बाजू काढून पाचवी तिरकी रेघ मारतात. जंगलात झाडं मोजणारे तर दहाचा गठ्ठा करतात: आधी चार कोपऱ्यांत चार ठिपके, मग त्यांना जोडणाऱ्या चार रेघा, शेवटी आतल्या दोन तिरक्या.

३. पहिली मोठी सारणी एका दुकानदाराची

जॉन ग्राँट हे लंडनमधले कापडचोपडाचे व्यापारी. शहरात दर आठवड्याला मृत्यूंची यादी छापली जायची. बहुतेक लोक ती चाळून टाकून द्यायचे, ग्राँट यांनी वर्षानुवर्षांच्या याद्या एकत्र केल्या. १६६२ साली त्यांचं पुस्तक आलं. यादीत मृत्यूचं कारण असायचं, वय नसायचं. तरीही लहान मुलांच्या आजारांवरून अंदाज बांधून त्यांनी जन्मलेल्या १०० जणांचे वयानुसार वर्ग पाडले: सहा वर्षांच्या आत ३६ मृत्यू, मग पुढच्या प्रत्येक दहा वर्षांत २४, १५, ९, ६, ४, ३, २ आणि १. या सारणीतूनच पुढे आयुर्विम्याचं गणित उभं राहिलं. राजा दुसरा चार्ल्स याच्या शिफारशीने हा दुकानदार रॉयल सोसायटीचा सदस्य झाला.

याच सारणीत एक धडाही आहे. पहिला वर्ग सहा वर्षांचा, बाकीचे दहाचे. ३६ आणि २४ यांची थेट तुलना चुकीची ठरेल. दर वर्षाचा हिशेब काढला तर पहिल्या वर्गात वर्षाला ६ आणि दुसऱ्यात वर्षाला २.४ मृत्यू. फरक दीडपट नसून अडीचपट! वर्ग असमान असले की आयतालेखातल्या (हिस्टोग्राममधल्या) आयताची उंची अशीच भागून घ्यावी लागते.

४. ५,७३८ सैनिकांच्या छात्या

बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आदोल्फ केतले यांना १८१७ च्या एका एडिंबरा वैद्यकीय नियतकालिकात स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापं सापडली. १८४६ साली त्यांनी ती इंचाइंचाच्या वर्गांत मांडली. ३३ इंचांचे फक्त ३ सैनिक. मग संख्या चढत गेली: ३९ इंचांचे १,०७३, ४० इंचांचे १,०७९. तिथून उतार सुरू, आणि ४८ इंचांचा एकच. केतले थक्क झाले. आकाशातल्या ताऱ्याचं स्थान पुन्हा पुन्हा मोजताना होणाऱ्या चुका जशा मधोमध दाटतात आणि दोन्ही बाजूंना विरळ होतात, तसाच आकार इथे माणसांच्या शरीरात दिसत होता. त्या घंटेच्या आकाराची समाजशास्त्रातली घोडदौड इथून सुरू झाली.

५. दोन उंचवटे, पण वंश एकच

पूर्व फ्रान्समधल्या दू या भागातल्या सैन्यभरतीच्या उंचीच्या सारणीत एक नाही, दोन उंचवटे दिसले. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ आदोल्फ बर्तियाँ यांनी अनुमान काढलं की इथे दोन वंशांची सरमिसळ आहे, एक बुटका आणि एक उंच. हे अनुमान अनेक वर्षं मानलं गेलं. १८९६ साली इटालियन लष्करी डॉक्टर रिदोल्फो लिव्ही यांनी फुगा फोडला: उंचवटे इंच आणि सेंटीमीटर यांच्या अदलाबदलीतून आले होते. जुना फ्रेंच इंच सुमारे २.७ सेंटीमीटरचा. म्हणजे एका इंचाच्या वाट्याला कधी दोन पूर्ण सेंटीमीटर येणार, कधी तीन. कागदावर वर्ग सारखे, प्रत्यक्षात लहान-मोठे! मोठ्या वर्गात माणसं जास्त पडली आणि उंचवटा तयार झाला. एका अख्ख्या ‘वंशा’चा जन्म वर्गमर्यादेतून झाला होता.

६. वीस गुण मिळवणारी मुलगी कुठे बसेल?

१०–२० आणि २०–३० असे वर्ग असतील तर २० कुठे मांडायचे? असमावेशक पद्धतीचा नियम पक्का आहे: वरची मर्यादा त्या वर्गात धरायची नाही, म्हणून २० हे २०–३० मध्ये. समावेशक पद्धतीत ही अडचण येतच नाही, कारण वर्ग १०–१९, २०–२९ असे असतात. महावितरणच्या घरगुती वीजबिलातले टप्पे बघा: ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, ५०० च्या वर. हे समावेशक वर्गच आहेत. युनिट पूर्णांकात मोजलं जातं, म्हणून १०० आणि १०१ यांच्या मध्ये कुणीच अडकत नाही.

७. पावसाच्या वर्गांत दशांशाची फट

भारतीय हवामान विभागाच्या मापात २४ तासांत २.५ ते १५.५ मिलिमीटर हा हलका पाऊस, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ जोरदार, ११५.६ ते २०४.४ अति जोरदार आणि २०४.५ पासून पुढे अत्यंत जोरदार. १५.५ संपला की १५.६ का? कारण पर्जन्यमापकाची नोंद एक दशांशापर्यंत असते, १५.५ आणि १५.६ यांच्या मधला आकडा वहीत येतच नाही. आलेख काढताना मात्र वर्ग सलग हवेत, म्हणून खरी सीमा दोन्हींच्या मधोमध, १५.५५ वर धरायची. शाळेत ०.५ मिळवा-वजा करा म्हणून शिकवतात, त्याचंच हे दशांशातलं रूप.

शेवटचा वर्ग वरून उघडा आहे, हेही लक्षात घ्या. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०५ आणि ९४४, दोन्ही एकाच वर्गात! आणि त्याच दिवशी कुलाब्यात ७४ च्या आसपास, म्हणजे नुसता ‘जोरदार’. उघड्या वर्गाला वर्गमध्य, म्हणजे दोन मर्यादांच्या मधोमधचा आकडा, नसतो, म्हणून तो असेल तिथे सरासरी थेट काढता येत नाही. अशा वेळी मध्यक कामी येतो.

८. ५–९ या वर्गाचा मध्य ७ नाही

वयाचा वर्ग ५–९ असेल तर वर्गमध्य किती? (५ + ९) ÷ २ = ७, असं उत्तर पटकन येतं. पण आपण वय पूर्ण झालेल्या वर्षांत सांगतो. दहाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशीही मूल ‘नऊ वर्षांचं’च असतं. म्हणजे हा वर्ग खरा ५ पासून १० च्या अलीकडेपर्यंत आहे आणि वर्गमध्य ७.५. लोकसंख्याशास्त्रज्ञ हाच धरतात. अर्ध्या वर्षाचा फरक किरकोळ वाटेल, पण तो प्रत्येक वर्गात एकाच दिशेने जातो, त्यामुळे सरासरी वय सरळ सहा महिन्यांनी घसरतं.

९. शून्य आणि पाचावर गर्दी

भारताच्या जनगणनेतली एकेका वर्षाची वयवार सारणी काढली की करवतीसारखे दाते दिसतात. ३०, ३५, ४०, ४५ या वयांवर उंच सुळके, २९ आणि ३१ वर खड्डे. जन्मतारीख ठाऊक नसली की माणूस गोल आकडा सांगतो. ही ओढ मोजायला व्हिपल निर्देशांक आहे: २३ ते ६२ वयाचे लोक घ्यायचे आणि शून्य किंवा पाचने संपणाऱ्या वयांचा वाटा बघायचा. निर्देशांक १०० आला तर गोल आकड्यांची ओढ अजिबात नाही, ५०० आला तर झाडून सगळ्यांनी गोल वयच सांगितलं. अशा सामग्रीसाठी जुन्या संख्याशास्त्रज्ञांची शिकवण आहे: वर्ग असे पाडा की गर्दीचा आकडा वर्गाच्या मधोमध येईल.

१०. किती वर्ग पाडायचे? दुप्पट नोंदी, एक वर्ग जास्त

हर्बर्ट स्टर्जेस यांनी १९२६ साली एक नियम दिला, तो आजही संगणकांच्या पोटात आहे. १६ नोंदी असतील तर ५ वर्ग. ३२ असतील तर ६. ६४ ला ७, १२८ ला ८. नोंदी दुप्पट झाल्या की वर्ग फक्त एकाने वाढवायचा. हजाराच्या आसपास ११ आणि दहा लाखांना २१! नियम सोपा आहे, पण सामग्री घंटेच्या आकाराची असेल असं त्यात गृहीत आहे, आणि नोंदी लाखांत गेल्या की वर्ग फारच कमी पडतात. १९८१ साली डेव्हिड फ्रीडमन आणि पर्सी डायकोनिस यांनी दुसरा नियम मांडला. मधल्या निम्म्या नोंदी किती पसरल्या आहेत ते बघायचं, त्याची दुप्पट करायची आणि नोंदींच्या घनमुळाने भागायचं. येतं ते वर्गांतर, म्हणजे वर्गाची रुंदी. ते निम्मं करायचं असेल तर आठपट नोंदी हव्यात.

११. सरासरीच्या जागी कुणीच नाही

अमेरिकेच्या यलोस्टोन उद्यानात ‘ओल्ड फेथफुल’ नावाचा गरम पाण्याचा फवारा आहे. १९८० च्या दशकातल्या त्याच्या नोंदी संख्याशास्त्राच्या वर्गात जगभर वापरतात. उद्रेक एक तर दोनेक मिनिटं चालतो, नाहीतर सव्वाचार-साडेचार मिनिटं. दोन उद्रेकांमधला वेळही दोन तऱ्हेचा: ५५ मिनिटांच्या आसपास किंवा ८० च्या आसपास. आता ४०–७० आणि ७०–१०० असे दोनच रुंद वर्ग पाडा, दोन्ही उंचवटे गायब. पाच-पाच मिनिटांचे वर्ग पाडा, दोन्ही हजर. उद्रेकाच्या वेळेची सरासरी साडेतीन मिनिटांच्या आसपास येते, पण तीन-साडेतीन मिनिटांचे उद्रेक मोजकेच. वर्ग न पाडता थेट सरासरीकडे धावणाऱ्यांनी हे उदाहरण पाठ करावं.

१२. अरुंद वर्ग माणसाचं मन दाखवतात

मॅरेथॉनच्या सुमारे एक कोटी नोंदींचा अभ्यास चार अमेरिकी संशोधकांनी केला आणि २०१७ साली तो प्रसिद्ध झाला. मिनिटामिनिटाचे वर्ग पाडल्यावर साडेतीन तास, चार तास, साडेचार तास या रेषांच्या अगदी अलीकडे सुळके दिसले. चार तास व्हायला थोडीच मिनिटं उरली असताना धावणारा अंगातलं सगळं बळ पणाला लावतो! अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वर्गांत यातलं काही दिसलं नसतं.

पोलंडमध्ये शालान्त ‘मातुरा’ परीक्षेत उत्तीर्ण व्हायला ३० टक्के लागतात. पोलिश भाषेच्या निकालाचा एकेका गुणाचा आलेख ३० च्या जरा अलीकडे खोल बसतो आणि ३० वर एकदम उडी घेतो. काठावरच्या मुलाला तपासनीस एखाद-दुसऱ्या गुणाचा हात देतात. दहा-दहा गुणांच्या वर्गांत ही माणुसकी झाकली जाते.

१३. बॉम्ब, ५७६ चौकोन आणि एक मोठा गैरसमज

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर जर्मन उडते बॉम्ब पडत होते. ठरावीक मोहल्ले मुद्दाम हेरले जाताहेत, असा लोकांचा समज झाला. आर. डी. क्लार्क या विमागणितज्ञाने दक्षिण लंडनचा १४४ चौरस किलोमीटरचा नकाशा घेतला आणि त्याचे पाव-पाव चौरस किलोमीटरचे ५७६ चौकोन पाडले. एकूण बॉम्ब ५३७. एकही न पडलेले चौकोन २२९, एक पडलेले २११, दोन पडलेले ९३, तीन ३५, चार ७, पाच किंवा जास्त १. निव्वळ योगायोगाने बॉम्ब पडले असते तर गणिताने अपेक्षित आकडे अनुक्रमे २२७, २११, ९९, ३१, ७ आणि २ येतात. इतका मेळ! १९४६ साली एका पानाच्या टिपणात क्लार्क यांनी दाखवलं की नेम धरल्याचा काही पुरावा नाही. योगायोगातही घोळके होतातच.

१४. रुंदी सारखी की माणसं सारखी?

आपल्या कृषी गणनेचे वर्ग बघा: १ हेक्टरपर्यंत, १–२, २–४, ४–१० आणि १० च्या पुढे. रुंदी मुद्दाम वाढती ठेवलेली, कारण बहुतेक खातेदार खालच्या टोकाला आहेत. २०१५-१६ च्या गणनेत पहिल्या दोन वर्गांत सुमारे ८६ टक्के खातेदार होते आणि त्यांच्याकडे सुमारे ४७ टक्के जमीन. सगळे वर्ग दहा-दहा हेक्टरचे केले असते तर भारतातले जवळजवळ सगळे शेतकरी एकाच ओळीत गडप झाले असते आणि अल्पभूधारकाचा प्रश्न सारणीत दिसलाच नसता.

संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी उलट वाट काढली: वर्गांची रुंदी मोकळी सोडा, प्रत्येक वर्गातली माणसांची टक्केवारी आधी ठरवा. याच पद्धतीने राष्ट्रीय नमुना पाहणीचे उपभोगखर्चाचे अहवाल लोकांना खर्चाच्या क्रमाने उभं करून खालचे ५ टक्के, पुढचे ५, मग दहा-दहा टक्के आणि वरचे शेवटचे ५-५ टक्के अशा बारा वर्गांत मांडतात. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनीही राष्ट्रीय नमुना पाहणीच्या खर्चाच्या वर्गांवरूनच १९७१ साली ‘भारतातील दारिद्र्य’ मोजलं. किती रुपयांच्या आत महिना काढणारी किती माणसं आहेत, हे संचित वारंवारतेने वाचलं आणि ग्रामीण भागातली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली सुमारे ५० टक्के जनता पुरेशा अन्नापासून वंचित असल्याचं देशापुढे ठेवलं. वर्गांच्या एका सारणीने धोरणकर्त्यांना जागं केलं.

आता तुमची पाळी

पुढच्या वेळी वर्तमानपत्रात गटवार आकडे दिसले की तीन प्रश्न विचारा. सगळ्या वर्गांचं वर्गांतर सारखं आहे का? टोकाचा वर्ग उघडा आहे का? आणि सीमेवरचा आकडा कोणत्या बाजूला मोजला? या तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय निष्कर्षावर विश्वास ठेवू नका.

विद्यार्थ्यांसाठी त्याहून चांगला उद्योग आहे. वर्गातल्या सगळ्यांच्या उंच्या, शाळेत पोचायला लागणारी मिनिटं, घरच्या विजेची बिलं, काहीही गोळा करा आणि त्याच सामग्रीच्या दोन सारण्या करा, एक ५ च्या वर्गांतराने आणि दुसरी १० च्या. दोन्ही आयतालेख शेजारी काढा. एकात दिसणारी आणि दुसऱ्यात लपलेली गोष्ट शोधून तिचं कारण लिहा. सोडवलेल्या दहा उदाहरणांपेक्षा त्या एका कारणातून जास्त संख्याशास्त्र कळेल.